नाण्यातली चांदी आणि नाण्यावरचं जनावर

कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीचे पैंजण होतात आणि कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चांदीचा भाव होतो. या दोन्हीपैकी कुठल्याही दुकानात पांडा, हत्ती किंवा गोरिला असलेलं परदेशी चांदीचं नाणं काउंटरवर ठेवलं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "टंच किती?", म्हणजे शुद्धता किती. दुसरा प्रश्न वजनाचा. जनावर कुठलं आणि नाणं कुठल्या देशाचं, हे कुणी विचारत नाही. काट्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

वन्यप्राण्यांची बुलियन नाणी, म्हणजे आतल्या धातूच्या भावाला धरून विकली जाणारी नाणी, घेणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवावी. नाण्यातल्या चांदीचा बाजार वेगळा आणि नाण्यावरच्या जनावराचा बाजार वेगळा. पहिला बाजार महाद्वार रोडला लागून आहे. दुसरा नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनांत, लिलावांत आणि संग्राहकांच्या आपसातल्या व्यवहारात भरतो. घेताना पैसे दोन्हींचे मोजावे लागतात. विकताना चुकीच्या दारात गेलात तर फक्त पहिल्याचे परत मिळतात.

आकड्यांत बघू. हिशेबाला सोपा म्हणून चांदीचा भाव किलोला एक लाख धरा. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. म्हणजे नाण्यातली चांदी झाली साधारण ३,११० रुपयांची. विक्रेत्याने वर ३० टक्के प्रीमियम लावला की किंमत ४,०४३ होते, आणि त्यावर ३ टक्के जीएसटी धरून तुमच्या खिशातून ४,१६४ रुपये जातात. तेच नाणं दुसऱ्या दिवशी मोड म्हणून विकायला नेलं आणि सराफाने ३ टक्के घट धरली, तर हातात ३,०१७ पडतात. मुद्दल सुटायला चांदी ३८ टक्क्यांनी वाढायला हवी. प्रीमियम १० टक्के असेल तर हाच आकडा १७ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून भाव विचारताना "नाणं केवढ्याला?" असं विचारू नका. त्या दिवसाच्या किलोच्या भावाला ०.०३११ ने गुणा आणि विक्रेत्याला विचारा, "चांदीवर किती टक्के?" जो विक्रेता या प्रश्नाला थेट उत्तर देतो, त्याच्याकडून घ्या.

९९९ आणि ९९९.९ (हजार भागांत चांदी किती भाग) या फरकासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. औंसाच्या नाण्यात हा फरक तीन सेंटिग्रॅमचासुद्धा नसतो, आणि गुजरीत दोन्ही एकाच तागडीत जातात.

आता नाण्यांकडे येऊ. या प्रकारात सगळ्यांत ओळखीचा आहे चीनचा पांडा. चांदीत तो १९८३ पासून निघतो. चित्र दरवर्षी बदलतं, २००१ आणि २००२ ही दोन वर्षं सोडून. त्या दोन्ही वर्षी चित्र एकच होतं, त्यामुळे "साल वेगळं पण पांडा तोच, म्हणजे नकली" हा निष्कर्ष तिथे चुकतो. दुसरा घोळ वजनाचा. १९८९ ते २०१५ चा नेहमीचा पांडा एक ट्रॉय औंसाचा असायचा, २०१६ पासून तो पूर्ण ३० ग्रॅमचा झाला. व्यास मात्र ४० मिलिमीटरच राहिला. त्यामुळे २०१६ नंतरचं नाणं काट्यावर ३०.०० दाखवत असेल तर ते कमी भरलेलं नाही. उलट नाण्यावर २०१८ साल आणि वजन ३१.१ असेल तर सावध व्हा. तिसरा घोळ २०१५ चा. त्या वर्षीच्या पांडावर धातू, वजन, शुद्धता यांपैकी काहीच छापलेलं नाही. अस्सल नाण्यावरही नाही. हे माहीत नसल्याने चांगलं नाणं नाकारलं जातं आणि २०१५ सालच्या नाण्यावर ९९९ चा शिक्का मारलेली नकली पसंत पडते.

सोमालियाचा हत्ती दिसायला देखणा आणि मिळायला तुलनेने सोपा. नाव सोमालियाचं, दर्शनी मूल्य १०० शिलिंग, पण नाणं पाडलं जातं जर्मनीत, बव्हेरियाच्या सरकारी टांकसाळीत. या व्यवहारात हे नेहमीचंच आहे. देश नाव देतो आणि टांकसाळ दुसरीच असते, म्हणून कुठल्याही नाण्याची चौकशी करताना देशाआधी टांकसाळ विचारावी. रवांडाच्या ५० फ्रँकच्या आफ्रिकन औंस मालिकेची सुरुवात २००८ च्या गोरिलाने झाली, २०१३ ला त्यात चित्ता आला. संस्थानकाळात चित्ते पाळून काळविटांची शिकार करणाऱ्या कोल्हापुरात त्या चित्त्याला गिऱ्हाईक मिळतं, यात नवल नाही. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्येच जाहीर झालं होतं. दक्षिण आफ्रिकेची 'बिग फाइव्ह' ही मालिका २०१९ मध्ये हत्तीपासून सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ टांकसाळीचा कोआला २००७ पासून दरवर्षी येतो.

कॅनडाची वन्यजीव मालिका २०११ ते २०१३ मधली. लांडगा, ग्रिझली अस्वल, कूगर, मूस, प्राँगहॉर्न आणि वुड बायसन अशी सहा नाणी, प्रत्येकी दहा लाख. यातलं बायसन आपल्याकडे "गवा" म्हणून खपवलं जातं. दाजीपूरला गवा बघितलेल्याला हे सांगायला नको : आपल्या गव्याचे पाय गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे असतात आणि मानेवर झुलपं नसतात. नाण्यावरचं केसाळ जनावर उत्तर अमेरिकेतलं आहे.

याच मालिकेवरून "दुर्मीळ होत चाललेले प्राणी" या विक्रेत्यांच्या जाहिरातीबद्दलही बोलायला हवं. लांडगा, कूगर आणि मूस संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत धोक्यात नाहीत. पांडासुद्धा २०१६ मध्ये 'संकटग्रस्त' वर्गातून 'असुरक्षित' वर्गात, म्हणजे एक पायरी खाली आला. पर्वतीय गोरिला २०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये आला. आफ्रिकी हत्तींचं उलट झालं. २०२१ मध्ये त्यांच्या दोन जाती वेगळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा जंगलातला हत्ती 'अतिसंकटग्रस्त' आणि सवानाचा 'संकटग्रस्त' ठरला. कोआलाला ऑस्ट्रेलिया सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशात संकटग्रस्त ठरवलं. नाण्याचं पाकीट छापताना लिहिलेली स्थिती आज तीच असेल असं नाही. आणि प्राणी दुर्मीळ आहे म्हणून नाणंही दुर्मीळ, हा तर निव्वळ विक्रेत्याचा तर्क. गोरिला हजारांत मोजावे लागत असतील, नाणी लाखांत पाडता येतात.

संवर्धनासाठी म्हणून खरोखर काढलेली नाणी हवी असतील तर १९७४ पासूनची जुनी मालिका बघावी. विश्व वन्यजीव निधीच्या पुढाकाराने अनेक देशांनी त्यात भाग घेतला. नेपाळने २५ रुपयांवर डांफे पक्षी आणि ५० रुपयांवर लाल पांडा घेतला, पाकिस्तानने १५० रुपयांवर सुसर घेतली. भारतीय संग्राहकांत नेपाळची नाणी बऱ्यापैकी फिरतात. इथे फसगत होते ती शुद्धतेत. नेपाळची साधी नाणी ५०० ची, म्हणजे निम्मी चांदी, आणि प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली, ९२५ ची. चित्र तेच, दर्शनी मूल्य तेच. फोटो बघून ९२५ च्या भावात ५०० चं नाणं गळ्यात पडतं. प्रूफचं मैदान आरशासारखं आणि जनावर दुधी-धूसर दिसतं, साध्या नाण्यावर सगळीकडे एकसारखी चमक असते. वजनही वेगळं : लहान आकारातलं, म्हणजे २५ रुपयांचं, प्रूफ २८.२८ ग्रॅम, साधं त्याहून हलकं. याच मालिकेत इंडोनेशियाच्या २,००० रुपियांवर जावा बेटावरचा वाघ आहे. नाणं १९७४ चं, आणि तो वाघ आज जगात कुठेच नाही.

आपल्याकडे मात्र जनावर मिळालं ते चाराण्याला. २५ पैशांच्या स्टीलच्या नाण्यावर १९८८ पासून गेंडा होता, आणि ३० जून २०११ नंतर ते चलनातून गेलं. व्याघ्र प्रकल्पाला ५० वर्षं झाली तेव्हा ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूरला ५० रुपयांचं स्मारक नाणं प्रकाशित झालं. भारत सरकारची अशी स्मारक नाणी संग्रहासाठी घ्यावीत, चांदीची गुंतवणूक म्हणून नव्हे. त्यांची किंमत आतल्या चांदीच्या कितीतरी वर असते. आणि सराफी दुकानांत दिवाळीला मिळणारी वाघ-सिंहाची १० किंवा २० ग्रॅमची 'नाणी' ही नाणी नव्हेतच. त्यावर दर्शनी मूल्य नसतं, ती पदकं. चांदी म्हणून उत्तम, विकायलाही सोपी. फक्त जनावराचे पैसे त्यांना देऊ नयेत.

खरं-खोटं कसं बघायचं

सामान फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, तो तपासायला ५० ग्रॅमचं प्रमाणित वजन, व्यास-जाडी मोजायला प्लॅस्टिक जबड्याचा व्हर्नियर (लोखंडी जबड्याने कडेवर ओरखडा येतो), दहापट भिंग, नायलॉनची बारीक तंगूस आणि काचेचा ग्लास.

वजन आणि माप एकत्रच बघायचं, एकेकटं नाही. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, पितळेची साधारण ८.५. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेलं नाणं व्यासाने आणि जाडीने बरोबर असेल तर ते ३१.१ ऐवजी २६.६ ग्रॅमच भरतं. वजन बरोबर आणायचं तर जाडी १७ टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणजे ३ मिलिमीटरचं नाणं साडेतीनचं होतं. नकली बनवणाऱ्याला तिन्ही आकडे एकदम जमत नाहीत. तो कुठला तरी एक सोडतो, आणि बहुतेकदा जाडीच सोडतो, कारण गिऱ्हाईक जाडी मोजत नाही.

त्याहून पक्की परीक्षा पाण्याची. ग्लासात खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. तंगुशीचा फास करून नाणं त्यात अडकवा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं हाताने धरून ठेवा. हात थरथरत असेल तर तंगूस आडव्या पट्टीला बांधा. आता काटा दाखवतो तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. अस्सल औंसाच्या नाण्याला तो २.९६ च्या आसपास येतो, ३० ग्रॅमच्या पांडाला २.८५ च्या आसपास. औंसाच्या वजनाचं तांबं ३.४७ दाखवतं, पितळ ३.६६. दोन-तीन शतांशांचा फरक पडतो, तो दोऱ्याचा आणि पाण्याच्या तापमानाचा. अर्ध्या ग्रॅमचा फरक पडत नसतो. नंतर डिस्टिल्ड पाण्यात बुचकळून मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. प्रूफ नाणं किंवा स्लॅबमधलं, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं नाणं मात्र पाण्यात घालू नका.

ही परीक्षाही चुकते ती एका ठिकाणी. शिशाची घनता ११.३४ आहे. शिसं आणि हलका धातू बेताने मिसळला तर १०.४९ गाठता येते. म्हणून शेवटी आवाज ऐकावा. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच टिचकी द्यायची. चांदी बारीक, लांबणारा स्वर देते. शिसं मिसळलेलं नाणं 'ठक्' करून गप्प बसतं.

चुंबकावर फार भिस्त ठेवू नका. चुंबकाला चिकटलं तर नकली, एवढंच त्यातून कळतं. तिरक्या धरलेल्या नाण्यावरून जोरदार चुंबक हळू घसरला की लोक खूश होतात, पण तांब्यावरूनही तो तसाच हळू घसरतो. बर्फ ठेवून बघण्याच्या व्हिडिओंचंही हेच : तांबं उष्णता जवळपास तितक्याच वेगाने वाहून नेतं.

गुजरीतल्या टंच मशीनचा पर्याय चांगला, नाण्याला धक्का लागत नाही. पण ते यंत्र क्ष-किरणांनी फक्त वरची कातडी वाचतं, मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी. जाड मुलामा असेल तर पडद्यावर ९९.९ येतं आणि आत तांबं असतं. त्यामुळे मशीनचा कागद आणि पाण्याचा आकडा, दोन्ही जुळले तरच मानावं. आणि एक गोष्ट काउंटरवर नाणं ठेवायच्या आधी बोलून घ्यायची : "कसोटीवर घासू नका, ॲसिड लावू नका." सराफाच्या हाताला ती सवयच असते. नाणं उचलून तो कधी दगडावर ओढेल सांगता येत नाही, आणि त्या एका रेघेने जनावराचे पैसे संपतात, उरते ती चांदी.

पावसाळा आणि नाणं

चांदी हवेतल्या ऑक्सिजनने काळी पडत नाही. ती काळी पडते गंधकाने, आणि दमट हवेत ते काम भराभर होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात कपाटातली चादरसुद्धा ओलसर लागते, तेव्हा नाण्याची काय कथा. गंधक घरातच असतं : रबर बँडमध्ये, लोकरी कापडात, स्वस्त पुठ्ठ्यात, वर्तमानपत्रात. रबर बँड लावून ठेवलेल्या नाण्यांवर बँडच्या रुंदीची काळी पट्टी उमटते ती यामुळेच. सराफाचा गुलाबी कागद दुकानातून घरापर्यंत ठीक, वर्षभर नको. ओलीत तो रंग सोडतो.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटांचं नुकसान आणखी वाईट. त्यातून पाझरणारं द्रव्य नाण्यावर हिरवट चिकट थर देतं आणि वेळेत काढलं नाही तर धातू खातं. त्याला उपाय शुद्ध ॲसिटोनचा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं ॲसिटोन घ्या, पाच मिनिटं ठेवा, उलटा, पुन्हा पाच मिनिटं. मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून हवेवर वाळू द्या. खिडकी उघडी आणि गॅस बंद हवा. काळं पडलेलं यातून निघत नाही, फक्त चिकटा निघतो.

ठेवायला नाण्याच्या मापाची कडक ॲक्रिलिक कॅप्सूल घ्यावी. कॅनडाच्या नाण्याला ३८ ची, पांडाला ४० ची. एक मिलिमीटर सैल घेतली तर नाणं आत खुळखुळतं आणि उठावाच्या सगळ्यांत उंच जागेवर, म्हणजे नेमकं पांडाच्या गालावर किंवा हत्तीच्या कपाळावर, घासलं जाऊन पांढुरकं होतं. कॅप्सूल घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. मणी रंग बदलले की पुड्या बदलायच्या. पावसाळ्यात हे महिन्याला बघावं लागतं. डांबरगोळ्यांच्या कपाटात डबा नको.

दुधाळ पांढरे डाग हा वेगळा प्रकार. ते तुमच्या ठेवण्याने येत नाहीत. नाणं पाडण्याआधी चकत्या धुतात, त्यातला अंश राहून ते पुढे उमटतात असं मानलं जातं. कॅनडाच्या नाण्यांची यावरून बरीच तक्रार असे, म्हणून तिथल्या टांकसाळीने २०१८ पासून आपल्या मेपल लीफ नाण्यांना संरक्षक प्रक्रिया सुरू केली. जुन्या वन्यजीव मालिकेत डाग सर्रास सापडतात आणि ते घरी निघत नाहीत. घेतानाच बघून घ्या, नाण्याला उजेडात तिरकं धरून.

आणि घासायचं नाही. चिंच, रिठा, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यांपैकी काहीही नाही. काळपट नाण्याला संग्राहक भाव देतो, कधी रंगाच्या छटा सुंदर असतील तर जास्तच देतो. घासलेल्याला मोडीचाच मिळतो.

परदेशातून कुरिअरने एकेक नाणं मागवण्याच्या फंदात न पडलेलं बरं. जुलै २०२४ मध्ये चांदीवरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं तेव्हा अनेकांना मोह झाला. पण चांदीच्या आयातीवर शुल्काबरोबर परवान्याची बंधनंही असतात आणि ती अधूनमधून बदलतात. कस्टममध्ये अडकलेल्या पार्सलची कागदपत्रं जमवताना नाण्यापेक्षा हेलपाटे महाग पडतात. इथल्याच जाणत्या विक्रेत्याकडून जीएसटीच्या पक्क्या बिलावर घ्या. बिलावर देश, साल, वजन आणि शुद्धता लिहून घ्या, नुसतं 'सिल्व्हर कॉइन १ नग' नको. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन कर लागतो, आणि मूळ किंमत दाखवायला तेच बिल लागतं.

विकताना क्रम असा ठेवावा : आधी संग्राहक, मग नाण्यांचा विक्रेता, शेवटी गुजरी. फोटो कॅप्सूलमधून न काढता, दोन्ही बाजूंचे आणि एक कडेचा, काट्यावरच्या आकड्यासह. गुजरीत जायची वेळ आलीच तर कॅप्सूल तुम्ही स्वतः उघडा, नाणं कडेला धरून काट्यावर ठेवा आणि रिकामी कॅप्सूल खिशात टाका. ती पुढच्या नाण्याला होते.